दारावर पाटी बायकांची, आत वजनं कुणाची?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहरात आता खाली औषधांचं दुकान किंवा पतपेढी, बाजूने अरुंद जिना आणि वर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी, असा देखावा सर्रास दिसतो. भिंती गुलाबी नाहीतर जांभळ्या, खिडक्यांना दुधी काचा, दर्शनी भागात चार ट्रेडमिल, कोपऱ्यात कंबरेला पट्टा लावून थरथरवणारं यंत्र आणि टेबलावर ‘तीन महिन्यांत आठ किलो कमी’ असं सांगणारं पत्रक. महिन्याची फी जास्त वाटावी आणि वर्षाची स्वस्त, असा दरपत्रकाचा हिशेब. या जिमबद्दल घराघरांत दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, आता बायकांना वेगळी जिम कशाला, सगळीकडे बरोबरीने जातात ना? दुसरं म्हणतं, जायचंच असेल तर तिथेच जा, बाकी कुठे नको. दोन्ही मतं फक्त दाराबद्दल आहेत. पैसे मात्र आतल्या तासाभरासाठी भरायचे असतात, आणि त्या तासात काय होतं याची चौकशी फारसं कुणी करत नाही. दार वेगळं असण्याला अर्थ आहे, अनेकींच्या बाबतीत जिमला जाणं-न जाणं त्यावरच ठरतं, हे मान्यच करायला हवं. पण त्या दाराआड बायकांची हलक्याफुलक्या व्यायामावर बोळवण होत असेल, तर ती फी वाया गेली असं समजावं.

आधी मुळात गरज आहे का, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांमध्ये प्रौढांसाठी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली बहुतेकांच्या कानावर असते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं थोडा दम लागेल अशी हालचाल, किंवा चांगलाच दम लागणारी असेल तर त्याच्या निम्मी. दुसरी मात्र वाचायची राहूनच जाते: आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त पहिल्या अटीचा हिशेब केला होता, आणि तेवढ्यातही २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ नापास झाले. २००० साली हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. ताजे आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे काढले, तर पुरुषांत ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के. दुसरी अट लावली तर काय चित्र दिसेल याचा अंदाज आपापल्या इमारतीतल्या चाळिशी ओलांडलेल्या दहा बायका आठवून कुणालाही करता येईल.

इथे पहिला आक्षेप ठरलेला: बायका दिवसभर घरात राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला? राबतात हे खरंच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात; जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ८८. मुलं-म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही. केर-फरशी, धुणं, पाणी भरणं यांत दम लागतो, तेव्हा ही कामं मिनिटांच्या हिशेबात धरायला हरकत नाही. पण स्नायू बळकट होतो तो ओझं हळूहळू वाढत गेलं तर. पोळपाट-लाटणं वीस वर्षांपूर्वी जेवढं जड होतं तेवढंच आजही आहे, म्हणून वीस वर्षं पोळ्या लाटून मनगट दुखतं, दंड बळकट होत नाहीत. गंमत अशी की ओझं उचलायची वेळ या घरांत अधूनमधून येतेच. भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो, आत १४.२ किलो गॅस आणि बाकीचं लोखंड. तो ओढून-सरकवून जागेवर लावणारी बाई जिममध्ये गेली की तिच्या हातात एक किलोचं गुलाबी डंबेल दिलं जातं, आणि ‘जपून हं, ताई’ असंही वर सांगितलं जातं.

त्याच सर्वेक्षणातून दुसरीही गोष्ट कळते. पावणेपाच तासांहून अधिक वेळ घरकामात गेल्यावर उरतं ते सलग नसतं. डबे भरून झाल्यावरचा अर्धा तास, दुपारच्या झोपेतून चोरलेला एक तास, असे तुकडे असतात. गल्लीतली मिश्र जिम सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा गजबजलेली, म्हणजे नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला. बायकांसाठीची जिम दुपारी अकरा-बारापर्यंत आणि तीन-साडेतीनपासून बॅच ठेवते, कारण तिचं सगळं गिऱ्हाईकच त्या वेळचं. पाटीवरच्या ‘फक्त महिलांसाठी’ या शब्दांत पुरुष नसण्याइतकाच हा वेळापत्रकाचा फायदा आहे, आणि पुष्कळदा तोच मोठा ठरतो. लहान गावांतल्या जिमवाल्यांनी हे ओळखून दुपारची लेडीज बॅच फार पूर्वीपासून ठेवली आहे. ती रिकाम्या वेळात जागा भरण्याची युक्ती असेलही, पण उपयोग खरा आहे.

नजरेचा मुद्दा राहतो. मिश्र जिममध्ये ट्रेडमिल आणि वजनं यांच्यामध्ये एक न दिसणारी सीमारेषा असते. बायका एका बाजूला चालत राहतात, आणि आरशासमोरचा रॅक, बार, जड प्लेटा हा पुरुषांचा इलाका. कुणी अडवत नाही. पण तिकडे गेलं की कुणीतरी न विचारता शिकवायला येतं, कुणी बघत उभं राहतं, आणि पहिल्या दोन-तीन खेपांतच ती बाई पुन्हा ट्रेडमिलवर परत येते. इंग्लंडमधल्या ‘स्पोर्ट इंग्लंड’ या संस्थेने २०१५ साली बायकांना व्यायामाकडे वळवणारी मोहीम काढली, तेव्हा त्यांच्या पाहणीत १४ ते ४० वयाच्या ७५ टक्के बायकांनी आणखी हालचाल करायची इच्छा सांगितली होती, आणि अडसर म्हणून पुढे आली ती लोक काय म्हणतील ही भीती. ती भीती तीन प्रकारची होती: आपण कशा दिसतो यावरून, आपल्याला जमतं का यावरून, आणि घरच्यांना सोडून स्वतःसाठी वेळ काढतो यावरून. तिसरा प्रकार वाचल्यावर इंग्लंड फार लांब वाटत नाही. बायकांची जिम पहिल्या दोन भीती बऱ्याच कमी करते. तिसरीसाठी मात्र जिमवाल्याकडे काही इलाज नाही. तो घरातल्या माणसांनीच करायचा.

वेगळ्या जागेची ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आलेलीही नाही. तालीम म्हणजे मारुती, तांबडी माती आणि पुरुष. बहुतेक तालमींची पायरी बायका चढत नसत. शिवाजी पार्कवरच्या १९२५ सालच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांनी मुलींच्या हाती मल्लखांबाचा दोर दिला, पण असे अपवाद मोजकेच. बायकांचा जोरकस व्यायाम चालायचा तो श्रावणातल्या मंगळागौरीच्या रात्री. फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटापागोटा असे खेळ नऊवारी खोचून पहाटेपर्यंत चालत. बसफुगडी दोन मिनिटं घालून पाहावी म्हणजे मांड्यांना काय ताण पडतो ते कळेल. जिममधल्या स्क्वॉटची ती थोरली बहीणच. त्या खेळांना पूजेचं निमित्त होतं, पुरुष त्या माजघरात फिरकत नसत, आणि थोरल्या जावेपासून नव्या नवरीपर्यंत सगळ्या जणी घामाघूम झाल्या तरी कुणाला संकोच वाटत नसे. उणीव एकच होती: हे सगळं वर्षातून मोजक्या रात्रीच.

‘हे वेगळं करणं म्हणजे मागे जाणं’ हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. मिश्र जिममधलं वातावरण सुधारण्याऐवजी बायकांनाच दुसरीकडे पाठवायचं, यात पुरुषांना काही शिकावं लागत नाही, हे खरं. पण मुंबईच्या लोकलचं उदाहरण घेऊन पाहावं. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी सोडली. त्याआधीपासून लेडीज डबा होताच. या डब्यामुळे मुंबईच्या बायका जनरल डब्यापासून कायमच्या दूर राहिल्या का? ज्यांना जनरलमध्ये चढायचं त्या चढतात. डब्याने केलं ते एवढंच, की बाहेरची गर्दी सुधारेपर्यंत लाखो जणींच्या नोकऱ्या थांबल्या नाहीत. जिमचंही तसंच धरावं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एका पुरुषाने बायकांच्या जिममध्ये प्रवेश नाकारल्यावरून दावा लावला आणि १९९७ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला; पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलून अशा जिमना मुभा दिली. हा सोयीचा पर्याय आहे तोवर त्याला हरकत घेण्यासारखं काही नाही. सक्ती झाली की प्रश्न बदलतो. उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने २०२४ च्या अखेरीस जिममध्ये बायकांसाठी महिला प्रशिक्षक असावेत आणि पुरुष शिंप्यांनी बायकांची मापं घेऊ नयेत, अशा सूचना केल्या तेव्हा त्यावर टीका झाली ती योग्यच होती. बाईने स्वतः निवडलेला आडोसा आणि सरकारने ओढलेला पडदा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. घरातल्या माणसांनी ‘तिथेच जा’ म्हणून बजावलं, तर तेही दुसऱ्या प्रकारातच मोडतं.

आता दाराच्या आत जाऊ. स्नायूला शेजारी कोण उभं आहे हे कळत नाही. त्याला ओझं कळतं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातो असा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडंही झपाट्याने विरळ होतात. म्हातारपणी न्हाणीघरात घसरून खुबा मोडणं हा नशिबाचा भाग मानला जातो, पण त्याची तयारी पंचेचाळिशीतच सुरू झालेली असते. यावर कॅल्शियमच्या गोळ्या आणि रोजचं फिरणं असा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. फिरणं हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला, मनाला उत्तम. हाडं वाढवायला मात्र ते अपुरं पडतं, कारण हाडाला रोजच्या सवयीपेक्षा जास्त भार लागतो.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाचा एक प्रयोग बायकांच्या प्रत्येक जिमच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. हाडं विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या १०१ बायका त्यांनी निवडल्या. त्यांचं सरासरी वय ६५ च्या आसपास होतं. एका गटाला घरी करायचा हलका व्यायाम दिला. दुसऱ्या गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बार उचलायला लावला: जमिनीवरून वजन उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणं, आणि जोडीला उंचावरून खाली उतरून पायांवर येणं. वजन थोडंथोडकं नव्हतं. जेवढं जास्तीत जास्त एकदा उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक, पाच-पाच वेळा, पाच खेपा. सुरुवातीला अर्थातच हलक्या वजनांवर सराव करून घेतला होता. आठ महिन्यांनी जड वजनं उचलणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली आणि हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. इजा म्हणाल तर एकीच्या कंबरेत किरकोळ उसण भरली, एवढंच. २०१८ साली हा अभ्यास छापून आला. घरी यूट्यूब लावून त्याची नक्कल करू नये, कारण त्या यशात देखरेखीचा वाटा मोठा आहे. पण पासष्टीच्या बायका हे करू शकत असतील, तर पस्तिशीच्या बाईला वर्षभर दोन किलोच्या डंबेलवर ठेवणाऱ्या जिमने त्याचं कारण द्यायला हवं.

कारण बहुतेकदा एकच दिलं जातं: बायकांना वजन कमी करायचं असतं, मसल नको असतात. मसल फुगतील ही भीती निराधार आहे. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने खूपच कमी असतं. ताकद भराभर वाढते, आकार मात्र बेताने. टोकियो ऑलिंपिकमध्ये एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवणारी मीराबाई चानू ४९ किलोच्या गटात खेळली होती. इतकी वर्षं, इतकं वजन उचलूनही तिचं स्वतःचं वजन तेवढंच. आठवड्यातून दोनदा जिमला जाणाऱ्या गृहिणीने पैलवान होण्याची चिंता करणं म्हणजे गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्याने कसोटी संघातल्या निवडीची काळजी करण्यासारखं आहे.

वजनकाट्याची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती पुण्यातूनच सांगता येते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेह-संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचंही २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी, ही भारतीय शरीराची खोड त्या एका फोटोने जगाला दाखवून दिली. दोघेही पुरुषच, पण यातला धडा बायकांच्या जिमला जास्त लागू पडतो. काटा चरबी आणि स्नायू एकाच तागडीत तोलतो. कमी खाऊन आणि तासभर ट्रेडमिलवर चालून आठ किलो कमी झाले, तर त्यात थोडा स्नायूही गेलेला असतो. पुढे खाणं पूर्ववत झालं की परत येते ती मुख्यतः चरबी. मग तीच बाई तेच पॅकेज दुसऱ्यांदा घेते. थरथरणाऱ्या पट्ट्याने चरबी ‘मोडत’ नाही, पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून चालल्याने घामाचं पाणी जातं आणि दोन ग्लास पाण्याबरोबर परत येतं, आणि पोटाचा व्यायाम करून नेमकी पोटावरचीच चरबी उतरवण्याची सोय शरीरात नाही. तरीही ही यंत्रं विकली जातात, कारण त्यांवर उभं राहायला काही शिकावं लागत नाही.

बायकांसाठीच्या जिमचा जगातला सगळ्यात मोठा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. टेक्सासमधल्या हारलिंजन या गावात १९९२ साली ‘कर्व्ह्ज’ नावाचं केंद्र सुरू झालं. अर्धा तास, गोल मांडलेली यंत्रं, आरसे नाहीत, पुरुष नाहीत. पंधरा वर्षांच्या आत जगभरात त्याची जवळपास दहा हजार केंद्रं झाली, म्हणजे वेगळ्या दाराची गरज किती खरी होती ते दिसलं. त्यानंतर मात्र ती भराभर मिटत गेली. कारणं धंद्याचीही होती, पण यंत्रांकडे पाहिलं तरी काही उलगडतं. ती हायड्रॉलिक होती; जितक्या जोराने ढकलाल तितका विरोध, वजन लावायला प्लेटच नाही. सुरुवातीला हे सोपं आणि सुरक्षित वाटतं. पण आज किती उचललं आणि मागच्या महिन्यात किती, हे सांगता येत नसेल तर सहा महिन्यांनी त्याच गोलात फिरत राहायला कारण उरत नाही. आपल्याकडच्या बागांमधल्या ओपन जिमचंही हेच दुखणं आहे. तिथे साडी नेसून, चपला काढून झुलणाऱ्या बायका दिसतात ही आनंदाची गोष्ट. पण त्या यंत्रांत ओझं वाढवायची सोय नाही, त्यामुळे ती हालचाल चांगली असली तरी तिथून पुढे वाट नाही.

पुरुष नसले की संकोच आपोआप संपतो, हेही गृहीत धरू नये. ‘कितीवर आली गं?’ हा प्रश्न बायकाच बायकांना विचारतात, आणि नव्या सुनेच्या पोटाकडे पाहणारी नजर जिमच्या दाराशी चपलांबरोबर सोडून येता येत नाही. दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करून फळ्यावर लिहिणारी जिम असेल तर ती टाळावी. पाटी बायकांची असली तरी मालक, सफाई कामगार, कॅमेऱ्याचं चित्रण पाहणारा माणूस कोण आहे, कपडे बदलण्याच्या खोलीत मोबाइलला बंदी आहे का, हेही विचारावं. प्रशिक्षक बाई असणं वेगळं आणि ती शिकलेली असणं वेगळं. आपल्याकडे जिम-ट्रेनरला डॉक्टर-वकिलांसारखा सक्तीचा परवाना नाही. त्यामुळे प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं, किती महिन्यांच्या प्रशिक्षणाचं, बाळंतपणानंतर किंवा गुडघेदुखीत काय करून घेता, असं विचारणं हा उद्धटपणा ठरत नाही. आणि नाव घालण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला. पहिल्याच आठवड्यात धाप लागून ‘मला नाही झेपत’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींचा दोष व्यायामात नसून रक्तात असतो.

पैशाचा हिशेब वेगळा मांडायला हवा, कारण जिमचा धंदा माणसाच्या उमेदीवर चालतो. अमेरिकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन जिममधल्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासून २००६ साली निष्कर्ष मांडले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरपेक्षा जास्त पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास दहा डॉलर खेप या दराने मिळत होता. मूर्ख कुणी नव्हतं. प्रत्येकाने पुढच्या महिन्यातल्या स्वतःवर जरा जास्तच विश्वास टाकला होता. आपल्याकडे तर श्रावण, गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, माहेरपण असे खंड वर्षभर ठरलेलेच. म्हणून वार्षिक सवलत कितीही मोहक असली तरी पहिले तीन महिने महिन्याच्या दरानेच भरावेत. जास्त गेलेले ते पैसे शिकवणीचे समजावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावती मागावी आणि तिच्यावर कर किती लावला ते वाचावं. जिम मध्येच बंद पडली, किंवा ठरलेली सेवा मिळाली नाही आणि पैसेही परत मिळेनात, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि अंतर पाहावं: रिक्षा करून जावं लागणारी उत्तम जिम पावसाळ्यात हरते, चालत दहा मिनिटांवरची मध्यम जिम टिकते.

मग नाव घालावं का? मिश्र जिममध्ये जी निर्धास्तपणे रॅकपाशी जाते, जिला तिथे शिकवणारं चांगलं माणूस मिळालं आहे आणि जिची वेळ जुळते, तिने केवळ पाटीसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. जिला दोन्ही परवडत नाही तिने जोर, बैठका, पायऱ्या आणि वाळूने भरलेल्या पिशव्या यांवर सुरुवात करावी. वर्षभर पुरेल एवढं काम त्यात आहे. पण जी पाच वर्षं ‘जायचंय, जायचंय’ म्हणते आहे आणि पुरुषांच्या गर्दीमुळे, वेळेमुळे किंवा कपड्यांच्या संकोचामुळे पायरी चढलेली नाही, तिच्यासाठी बायकांची जिम पैसे वसूल करून देऊ शकते. अट एकच, आणि ती पहिल्याच भेटीत तपासता येते. आत गेल्यावर ट्रेडमिल किती आहेत ते मोजू नका. बार आहे का, प्लेटा किती किलोपर्यंतच्या आहेत, सगळ्यात जड डंबेल कितीचं आहे आणि त्यावर धूळ बसली आहे का, ते पाहा. प्रत्येकीच्या उचललेल्या वजनाची नोंद वहीत ठेवतात का, विचारा. मग टेबलापलीकडच्या बाईंना सरळ सांगा, ‘तीन महिन्यांनी मी आजच्यापेक्षा किती जास्त वजन उचलेन, ते सांगा.’ त्यांनी तुम्हाला आतल्या रॅकपाशी नेऊन बोलायला सुरुवात केली तर महिन्याची फी भरा. ‘आठ किलो कमी’चं पत्रक पुढे सरकवलं, तर जिना उतरून दुसरी जिम शोधा.